मालक विसरणारी पेटी

“दुसऱ्याच्या पेटीत हात घालाले गेला, अन् सापानं धरला. हॅकर होता ना मोठा… सापाले थोडंच हॅक करता येते?”

पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन मी मांडवाच्या कडेने चालले होते, तेव्हा शेजारच्या ओळीतून हे वाक्य आलं. बोलणारा हळू आवाजात बोलला होता. त्याच्या बाजूचा नाकातल्या नाकात हसला. समोर पांढऱ्या कापडावर सुमेधदादाचा फोटो होता, पुढे मेणबत्त्या होत्या, आणि पंचशील नुकतंच म्हणून झालं होतं. न दिलेलं घेणार नाही, हे त्यातलं दुसरं शील. बोलणाऱ्यानेही ते सगळ्यांबरोबर म्हटलं होतं, मी त्याचे ओठ हलताना पाहिले होते. मी थांबले नाही. ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजत होते, तेवढे वाजू नयेत म्हणून दोन्ही हातांनी ट्रे छातीशी धरला आणि पुढच्या ओळीकडे गेले.

सुमेधदादा माझा आतेभाऊ. बीबी या आत्याच्या गावी, तिच्या घरासमोर, त्याच्या पुण्यानुमोदनाचा तो कार्यक्रम होता. त्याला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आता हे लिहिताना काही आठवडे झालेत. गावात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, की हा मुलगा प्रल्हाद नानांच्या मळ्यात, त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीपाशी, नाना घरी नसताना काय करत होता? नानांनी तर त्याला आपल्या वावरात पाय ठेवायची चारचौघांत बंदी केली होती. ज्याने त्याने आपापलं उत्तर काढलं होतं, आणि सगळी उत्तरं एकाच शब्दापाशी येऊन थांबत होती… चोर. खरं उत्तर त्या मांडवात फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक मी.

मी बुलढाण्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत बीबीला यायचे, तेव्हा गल्लीतली मुलं माझ्या मराठीला हसायची. पुस्तकातली बाई बोलते म्हणायची. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेले, तर तिथे एकदा ‘काम करून राह्यली’ असं तोंडातून गेलं आणि सगळं टेबल हसलं. त्यामुळे मी कुठेच फार बोलत नाही. दादा मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचा. पण त्याच्याजवळ बोलावं लागत नसे, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रारही केली नाही. “तू ऐकते,” एकदा म्हणाला, “आमच्या धंद्यात ऐकनाराच कामाचा असते. बोलनारे लय हायेत.”

त्याचा धंदा काय हे घरात कोणालाच नीट सांगता येत नसे. इंजिनिअरिंग करून तो पुण्यात एका कंपनीत लागला होता. दुसऱ्या कंपन्यांची ॲप, कॅमेरे, दरवाज्याची इलेक्ट्रॉनिक कुलपं कुठून फोडता येतील हे शोधायचं, आणि त्या कंपन्यांनाच ते सांगायचं, असं ते काम. आत्या पाहुण्यांना सांगायची, “कम्प्युटरचे कुलपं तपासते.” यापेक्षा चांगलं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

पण ते काम त्याने नोकरी लागायच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं. मी शाळेत होते, तो कॉलेजच्या उंबरठ्यावर. आत्याचं मिक्सरचं भांडं दुरुस्तीला द्यायला आम्ही दोघं एसटीने लोणारला गेलो होतो. बाजारात एका दुकानात ओळीने टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकच क्रिकेटची मॅच, आणि बाहेर रस्त्यावर बघ्यांची गर्दी. दादाने खिशातून मोबाईल काढला, दुकानाकडे धरला, आणि एकेक करत सगळे टीव्ही बंद पडले. गर्दी ओरडली. दुकानदाराने एका टीव्हीच्या पाठीवर थापड मारली, मग वायरी हलवल्या, मग नोकराला शिव्या दिल्या. मला वाटलं आता पळायचं. दादा मात्र पायऱ्या चढून आत गेला आणि दुकानदाराला म्हणाला, “काका, म्या बंद केले.” दुकानदाराने त्याची कॉलर धरली. “काऊन बे, माहंच दुकान सापडलं काय तुले?” कॉलर धरलेली तशीच ठेवून दादाने त्याला शांतपणे समजावलं, की मोबाईलमधून टीव्हीचा रिमोट चालवता येतो, आणि टीव्हीच्या समोरच्या बारीक काचेवर काळी चिकटपट्टी लावली की बाहेरून कोणी बंद करू शकणार नाही. दुकानदाराने कॉलर सोडली. चहाही पाजला. परतताना एसटीत मी विचारलं, गप्प निघून आलो असतो तर काय झालं असतं? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “भोक दिसलं तं मालकाले सांगून जायचं. न सांगता गेला, तो चोर.”

त्याला दुसराही एक नाद होता. कुठलीही बंद वस्तू उघडण्याआधी तो ती बोटाने वाजवायचा. टक, टक. आमच्या भागात मोटारीच्या पेट्या उघडण्याआधी लोक काठीने वाजवतात, कारण आतल्या उबेला साप, विंचू, गांधीलमाश्या बसलेल्या असतात. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, त्याला ते लहानपणी शिकवलं आणि ते त्याच्या हातातच बसलं. जेवणाचा डबा, लॅपटॉप, माझ्या खोलीचं दार, सगळ्यांवर टक, टक. “आत कोनी असन तं बोला,” असं वर म्हणायचा. आत्या वैतागायची. आता आत्याच डब्याचं झाकण काढताना क्षणभर थांबते, हे मी पाहिलंय.

लॉकडाऊनमध्ये तो घरून काम करायला बीबीला आला. परत जाणारही होता, पण तेवढ्यात मामांचा अपघात झाला आणि तो राहिलाच. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीला त्यांनी मोबाईलवर चालणारी पेटी बसवली होती. तिच्यात एक सिमकार्ड असतं. मालकाने घरून फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद. शेतात जायची खेप वाचते, त्यामुळे तालुक्यात घरोघरी तशा पेट्या आल्या होत्या. त्या दिवशी लाईट गेलेली, मोटार बंद, म्हणून मामा विहिरीत उतरून केबलचा जोड पाहत होते. मध्येच लाईट आली, आणि घरातल्या कोणीही फोन न लावता मोटार सुरू झाली. जोड मामांच्या हातात होता. ते कपारीवर फेकले गेले म्हणून वाचले, पण उजवा हात भाजला आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, मेन स्विच पाडायला पाहिजे होता. मामाही म्हणायचे, माहीच चूक. एकटा दादा म्हणत होता, “चूक राहू द्या. मोटार लावली कोनं, ते सांगा.”

त्याने पेटी काढून गच्चीवरच्या आपल्या खोलीत आणली. टेबलावर तिची हिरवी कार्डं आणि वायरी पसरून कित्येक दिवस बसला. मी सुट्टीवर आले होते तेव्हा त्याने मला ते दाखवलं. पेटीत मालकाचा नंबर नोंदलेला असतो आणि ती फक्त त्याच नंबरचं ऐकते. पण लाईट गेली की ती नोंद पुसली जायची. लाईट परत आल्यावर जो पहिला फोन येईल, त्यालाच ती मालक समजायची. मामा विहिरीत होते तेव्हा पेटीच्या सिमवर पहिला फोन आला होता तो जाहिरातीचा, कर्ज हवंय का विचारणारा.

“म्हणजे कोणाचाही फोन?” मी विचारलं.

“कोनाचाही. लाईट गेली का पेटी मालकाले इसरते.” मग थोडा थांबून म्हणाला, “बनवनारे अशा गावात बसले असतीन का जिथं लाईटच जात नाही.”

त्याच्या क्षेत्रातली रीत अशी, की खोट सापडली तर आधी कंपनीला गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, आणि मगच लोकांना सांगायचं. त्याने ती पाळली. मामांच्या हाताचा फोटो जोडून व्यवस्थित पत्र पाठवलं. धन्यवादाचं उत्तर आलं, मग काहीच आलं नाही. त्याने आठवण केली, पुन्हा केली. शेवटी वकिलाची नोटीस आली, की तुम्ही आमच्या पेटीचं सील तोडलं आहे. मधल्या काळात दुकानांतून तीच पेटी विकली जात होती. आत्याने नोटिशीचा फोटो पाठवून ती वाचून घ्यायला मला फोन केला होता. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते आणि पलीकडून आत्या नुसती हं, हं करत होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे हात तुह्या मामाचा भाजला, अन् गुन्हा आपला.”

दादाबद्दल लिहिताना तो फार शहाणा होता असं लिहिण्याचा मोह होतो. तो तसा नव्हता. त्याला टाळ्या आवडायच्या. लोकांना सावध करायचंच होतं, तर घरोघरी जाऊन सांगता आलं असतं. त्याने बसस्टँडजवळचं चहाचं हॉटेल निवडलं. मी शेजारच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बुलढाण्याच्या गाडीची वाट बघत बसले होते, म्हणून सगळं मला दिसलं आणि ऐकू आलं. तो पेटीबद्दल सांगत होता आणि प्रल्हाद नाना हसत होते. नानांचा भाजीपाल्याचा मळा आहे, गावात वजन आहे, आणि बोलणं मोठं आहे.

“अरे बावा, माही पेटी माह्या एका फोनावर चालते,” नाना म्हणाले. “माह्या बायकोचंही ऐकत नाही ते!”

हॉटेल हसलं. दादाही हसला. “नाना, लाईट कवा आली?”

“हे आत्ताच तं आली.”

“मोटार लावली?”

“च्या पिऊन लावतो. काऊन?”

दादाने हॉटेलवाल्याचा मोबाईल मागून घेतला. नानांच्या पेटीचा नंबर शोधायची गरज नव्हती. आपण विसरू नये म्हणून नानांनीच तो मळ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवला होता. दादाने नंबर लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवून दिला. थोड्याच वेळात नानांचा स्वतःचा फोन वाजला. मळ्यातून रुखमाकाकू, त्यांच्या पत्नी, इतक्या जोरात बोलत होत्या की बाकावर मला ऐकू आलं, “अवो, मोटार कायले लावली? पाईप जोडला नाही अजून, सारं पानी रस्त्यानं चाललं!”

काय हशा झाला! कोणी तरी टेबल बडवलं. “नाना, तुमची पेटी तं पळून गेली हॉटेलवाल्याच्या मांगं!” नानाही हसले, पण सगळ्यांत आधी त्यांचंच हसणं थांबलं. “हे काय जादू हाय काय बे?” “जादू नाही नाना, भोक हाय. मीच बुजवून देतो, पेटी उघडू द्या.” नानांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तू माह्या पेटीच्या जवळ येऊ नको.” माझी गाडी आली. खिडकीतून पाहिलं तर दादाभोवती लोक जमले होते आणि तो हातवारे करून सांगत होता. खूश होता. मला मात्र नानांचा चेहरा दिसत होता.

त्या दिवसापासून गावात कोणाचीही मोटार जळाली की सुमेधनं जाळली. व्होल्टेज कमी असतं, फेज जातो, मोटारी पूर्वीही जळायच्या. पण पूर्वी त्याला माणसाचं नाव नव्हतं. नानांची मोटार जळाली, तेव्हा त्यांनी त्याच हॉटेलात सांगितलं, माझ्या वावरात त्याने पाय ठेवला तर पाय जागेवर राहणार नाही. पेट्या विकणाऱ्या दुकानदाराने तक्रार दिली. दादाला ठाण्यात बोलावलं, लॅपटॉप ठेवून घेतला. गुन्हा काही दाखल झाला नाही, पण लॅपटॉपही लवकर परत आला नाही, आणि हातचं काम गेलं. लॅपटॉप कापडात गुंडाळून नेताना गल्लीने पाहिलं होतं. ‘हॅकर’ हा शब्द त्याआधी आत्याच्या गल्लीत कोणी वापरला नव्हता. आता लहान मुलंही वापरू लागली. उंद्री गावची त्याची एक सोयरीक जवळपास ठरली होती. मुलीचे वडील शेवटचं बोलायला आले, चहा घेतला, आणि जाताना मामांना बाजूला घेऊन म्हणाले, “बाकी सारं ठीक हाय हो… पन पोलिसानं लॅपटॉप काऊन नेला?” मामांनी समजावून सांगायला वाकड्या बोटांचा हात वर केला, आणि तसाच खाली घेतला.

याच काळात लोक त्याच्याकडे येऊ लागले. विचित्र होतं ते. हॉटेलात त्याच्याशी कोणी बोलत नसे, पण संध्याकाळी कोणी तरी मागच्या दाराने येऊन आत्याला विचारायचं, सुमेध हाय काय? आमची पेटी पाह्यली असती जरा… कोनाले सांगू नका. भीती सगळ्यांना होती. विहिरीत सगळेच उतरतात. दादा जायचा. मला राग यायचा. फोनवर मी एकदा म्हटलं, “तुला चोर म्हणतात आणि तू त्यांच्याच पेट्या दुरुस्त करतोस?” तो म्हणाला, “मालकाले सांगितलं नं म्या. आता भोक तसंच ठेवून कसा जाऊ?”

आणि मग त्याने मला कामाला लावलं. दुरुस्तीसाठी पेटी उघडून आतल्या कार्डावरचं एक बारीक बटण दाबून धरावं लागे आणि मालकाचा नंबर कायमचा नोंदवावा लागे. ते झालं की तो मेन स्विच पाडायचा आणि परत चढवायचा, म्हणजे पेटीच्या लेखी लाईट जाऊन आली. आता एखाद्या अगदी परक्या नंबरवरून पहिला फोन यायला हवा. तो नंबर माझा. गावातल्या कुठल्याही पेटीने कधी न पाहिलेला, पुण्याचा. तो मला पेटीचा नंबर पाठवायचा आणि खाली एकच शब्द, ‘लाव’. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावायचे. पेटीतून एक रेकॉर्ड केलेली बाई बोलायची, आपला क्रमांक नोंदलेला नाही. मी लिहायचे, ‘नाही लागली.’ तो लिहायचा, ‘जमलं.’ एवढंच. मला फोनवर बोलण्याची धास्ती वाटते, हे त्याला माहीत होतं. हे माझ्याजोगं काम होतं. फोन लावायचा, काही बोलायचं नाही, आणि नकार ऐकून बरं वाटायचं. कुणाची पेटी आहे हे तो कधी सांगायचा, कधी नाही. मळा, विहीर, माणूस, काहीच न पाहता मी त्या गावातल्या किती तरी विहिरींपर्यंत जाऊन आले होते.

त्या दिवशी दुपारी त्याचा असाच निरोप आला. मी जिन्यात गेले, फोन लावला, बाई बोलली. ‘नाही लागली,’ मी लिहिलं. ‘जमलं,’ त्याने लिहिलं, आणि त्याखाली, ‘वळख कोनाची पेटी.’ मी प्रश्नचिन्ह पाठवलं. ‘नानाची! काकूनं बोलावलं. नाना चिखलीले गेले हायेत. च्या पिऊन निघतो.’ मी हसले, एकटीच, जिन्यात. तो चहा त्याने घेतला नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. घोणस होती. जालन्याला नेत असताना वाटेतच तो गेला. पेटी भिंतीवर छातीच्या उंचीवर होती आणि ती त्याने वाजवूनच उघडली असणार, याबद्दल मला शंका नाही. काम झालं होतं, झाकण लावून झालं होतं. अवजारांची पिशवी त्याने खाली, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्याला टेकवून ठेवली होती. मामांना ती तिथेच सापडली. ती उचलायला तो वाकला असावा… पेटी सगळेच वाजवतात. नळ्यांचं भेंडोळं कोण वाजवतं?

पुण्यानुमोदनाच्या सकाळी मी स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. बायका येत होत्या, जात होत्या. रुखमाकाकू आल्या आणि माझ्या शेजारी बसून मुकाट्याने कोथिंबीर निवडू लागल्या. आम्ही दोघीच उरलो, तेव्हा वर न बघता म्हणाल्या, “पोरी, त्यानं तुले सांगलं होतं काय?”

मी हो म्हणून मान हलवली.

“च्या घेऊन बाहीर आली मी, तं भिंतीले टेकून बसला होता. हाताले रुमाल बांधत होता. मले म्हने, काकू, च्या राहू द्या, गाडी थांबवा एखांदी.” त्यांच्या हातात कोथिंबिरीची एकच काडी होती आणि त्या तिचं एकेक पान तोडत होत्या. “आमचा पोरगा रोज उतरते ना विहिरीत. झोप नाही लागे मले. म्हनून बोलावलं म्या… घरधन्याले कसं सांगू? साऱ्या गावासमोर बोलून बसले हायेत ते. अन् तुह्या आत्याले कोन्या तोंडानं सांगू? मी बोलावलं नसतं तं जिता असता तो.” मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “सांगू नको व माय.”

मी पुढचा कांदा चिरायला घेतला. माझ्या न बोलण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला असावा. त्या उठल्या, पदराने डोळे पुसले आणि बाहेर जाऊन आत्याचा हात धरून बसल्या. त्या दोघींकडे मी दारातून पाहत होते. काकूंचं नाव घेतलं तर दादा सुटत होता, आणि त्याचं मरण काकूंच्या दारात जाऊन बसत होतं. गाव ते तिथून कधीच उठू देणार नव्हतं. नाव घेतलं नाही तर दादा चोर राहत होता. मला दोन्ही नको होतं, आणि तिसरं काही सुचत नव्हतं.

दुपारी मांडवात भाषणं झाली. बहुतेकांनी मुलगा हुशार होता एवढंच सांगितलं आणि पुढचं गिळलं. मग नाना उठले. ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनी फोटोला हात जोडले, माईक हातात घेतला.

“पोट्टं हुशार होतं,” ते म्हणाले. “पन हुशारी वाकड्या वाटेनं गेली. माह्या मळ्यात, म्या घरी नसतानी, कायले आला होता ते त्याले मालूम अन् देवाले मालूम. गेलेल्या मानसावर राग नाही ठेवू. म्या त्याले माफ केलं.”

लोकांनी माना डोलावल्या. आत्याची मान खाली गेली, इतकी खाली की मला तिचा फक्त भांग दिसत होता. मामा भाजलेला हात मांडीखाली दाबून बसले होते. बायकांच्या मागच्या ओळीत काकूंनी पदराचा बोळा तोंडावर धरला होता. मी त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं, जी माफीवर मान डोलावत होती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी यांतल्या कित्येकांना फोन लावला आहे. मागच्या दाराने आलेले ते हेच लोक होते. काकूंचा एक मळा झाकायचा असेल, तर सगळ्यांचे मळे उघडावे लागणार होते.

संचालन करणाऱ्याने विचारलं, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का. मी ट्रे खाली ठेवला. आई म्हणते, मी चालत गेले. मला ते चालणं आठवत नाही. माईक हातात आला, एवढं आठवतं. तो चालू आहे की नाही ते कळेना, म्हणून मी बोटाने वाजवून पाहिला. टक, टक. पहिल्या ओळीत आत्याने झटकन मान वर केली. मी कुठल्या बोलीत बोलले, हे मला आईने नंतर सांगितलं. शाळेतली मराठी तोंडात आलीच नाही म्हणे.

“मी सुमेधदादाची मामेबहीन. इथं बसलेल्या लय जनाच्या मोटारीले म्या पुन्याहून फोन लावला हाय. तुमी मांगच्या दारानं बोलवत होते, दादा पेटी नीट करत होता, अन् मले म्हने, लाव. मी लावत होती. त्या दिवशी नानाच्या पेटीलेही म्याच लावला. त्याचं काम झालं होतं. मोटार लागली नाही. आता लाईट गेली तरी पेटी मालकाले इसरत नाही.”